सैनिक पतीची बदली आणि परिचारिका पत्नीची नोकरी

बिदरच्या आकाशात प्रशिक्षण-विमानांचा आवाज ही नित्याची बाब आहे. येथील वायुसेना तळावर लढाऊ वैमानिकांना शिक्षण दिले जाते आणि ‘सूर्यकिरण’ हे हवाई कसरतींचे पथकही याच तळावर असते. तळावरील अधिकारी व वायुसैनिक देशाच्या निरनिराळ्या भागांतून येतात आणि काही वर्षांनी बदली होऊन अन्यत्र जातात. त्यांच्याबरोबर त्यांची कुटुंबेही स्थलांतर करतात. या कुटुंबांतील अनेक स्त्रिया सुशिक्षित असतात व त्यांपैकी काही प्रशिक्षित परिचारिका असतात. पतीच्या बदलीचा हुकूम आला की त्यांना आपली नोकरी सोडावी लागते आणि नव्या गावी ती पुन्हा मिळेपर्यंत बराच काळ वाया जातो.

हा प्रश्न केवळ एका कुटुंबाच्या उत्पन्नाचा नाही. तीन-चार वर्षे शिकून तयार झालेली परिचारिका घरी बसून राहिली, तर तिचे कौशल्य गंजते आणि रुग्णही तिच्या सेवेस मुकतात. वस्तुतः यांतील बराचसा विलंब टाळता येण्यासारखा असतो. त्यासाठी कोणती कागदपत्रे कोणत्या क्रमाने मिळवावयाची आणि अर्ज कोठे करावयाचा, याची माहिती आधीच असणे आवश्यक आहे.

दोन राज्ये, दोन नोंदवह्या

परिचारिकेची पदविका किंवा पदवी मिळाली म्हणजे काम करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. त्यासाठी राज्याच्या परिचर्या परिषदेकडे, म्हणजे नर्सिंग कौन्सिलकडे, नाव नोंदवावे लागते. महाराष्ट्रात ही नोंदणी १९६६ च्या, तर कर्नाटकात १९६१ च्या अधिनियमान्वये होते. लातूर किंवा नांदेड येथे शिकलेल्या परिचारिकेचे नाव महाराष्ट्राच्या नोंदवहीत असते. ती बिदरला आली, तर तिला कर्नाटकाच्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते.

याचा अर्थ तिला पुन्हा परीक्षा द्यावी लागते, असा नव्हे. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाने असे तत्त्व घालून दिले की, मान्यताप्राप्त अर्हता ही कोणत्याही राज्याच्या नोंदवहीत नाव दाखल होण्यास पुरेशी आहे. पुढे २०२३ मध्ये संसदेने परिचर्येसंबंधी जो नवा अधिनियम संमत केला, त्यात राष्ट्रीय नोंदवहीचीही तरतूद आहे. सारांश, अर्हता मान्यच असते. वेळ लागतो तो ती पडताळून पाहण्यास. मूळ राज्याच्या परिषदेने ‘या परिचारिकेची नोंद आमच्याकडे आहे व तिच्याविरुद्ध काही आक्षेप नाही’ असे कळविल्यानंतरच दुसऱ्या राज्याची परिषद पुढील कार्यवाही करते.

म्हणूनच बदलीचा हुकूम हाती पडताच, सामानाची बांधाबांध करण्यापूर्वी, मूळ परिषदेकडे ना-हरकत प्रमाणपत्र व पडताळणी यांसाठी अर्ज करावा. नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत संपत आली असेल, तर ते काम त्याआधी उरकावे, कारण मुदत संपलेल्या नोंदणीची पडताळणी अडून राहते. परिचारिकांच्या राष्ट्रीय नोंदणी-प्रणालीत नाव असून ओळख क्रमांक मिळालेला असेल, तर तोही अर्जात नमूद करावा.

नावातील फरक

अनेक अर्ज एका क्षुल्लक वाटणाऱ्या कारणाने परत येतात. शालान्त प्रमाणपत्रावर आणि पदविकेवर माहेरचे नाव असते, तर आधार पत्रावर व बँकेच्या पुस्तकावर सासरचे. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे कागदानेच सिद्ध करावे लागते. त्यासाठी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, आणि आवश्यक तेथे प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी जोडावी. विवाहाची नोंद करून घेण्यात ग्रामपंचायतीने तत्परता दाखविली आणि शिक्षकांनी आपल्या माजी विद्यार्थिनींना ही गोष्ट वेळीच समजावून दिली, तर पुढील कितीतरी हेलपाटे वाचतील.

पूर्वीच्या रुग्णालयाकडून अनुभवाचे व कार्यमुक्तीचे प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच मागून घ्यावे. कोणत्या कक्षात किती काळ काम केले, याचा उल्लेख त्यात असावा. अतिदक्षता विभाग, प्रसूतिकक्ष किंवा शस्त्रक्रियागृह येथील अनुभवास नव्या ठिकाणी विशेष महत्त्व दिले जाते.

काम कोठे मिळू शकते

बिदर येथे शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था असून तिचे रुग्णालय जिल्ह्याचे मुख्य रुग्णालय आहे. कलबुर्गी, म्हणजे पूर्वीचे गुलबर्गा, येथे शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, कर्मचारी राज्य विमा निगमाचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, आणि १९६३ मध्ये सुरू झालेले महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय या मोठ्या संस्था आहेत. तथापि तळावर राहणाऱ्या स्त्रीने अंतराचा विचार करावा. बिदर-कलबुर्गी लोहमार्ग २०१७ मध्ये पूर्ण झाला असला, तरी त्याची लांबी सुमारे ११० किलोमीटर आहे. रात्रपाळी सांभाळून रोज ये-जा करणे जवळजवळ अशक्यच होय.

राज्य शासनाच्या कायम पदांबाबत एक गोष्ट स्पष्टपणे जाणून घेतली पाहिजे. राज्यघटनेच्या ३७१-जे या अनुच्छेदान्वये २०१३ पासून पूर्वीच्या हैदराबाद-कर्नाटक भागातील, म्हणजे आजच्या कल्याण कर्नाटकातील, शासकीय पदांचा मोठा भाग जन्माने किंवा अधिवासाने त्या भागातील असलेल्या व्यक्तींसाठी राखीव आहे. बदलीने नव्याने आलेल्या परिचारिकेस या राखीव जागांवर हक्क सांगता येत नाही. हा तिच्यावरील अन्याय नसून दीर्घकाळ मागे राहिलेल्या भागासाठी केलेली तरतूद आहे. परंतु हे आधी ठाऊक असले, तर जाहिरातीमागून जाहिरातीस व्यर्थ अर्ज करण्यात वर्ष जात नाही. शिवाय राज्यसेवेत कन्नड भाषेचे ज्ञान अपेक्षित असते, हेही ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्राच्या राज्यसेवेतील किंवा जिल्हा परिषदेतील परिचारिकेची कर्नाटकाच्या सेवेत नेहमीची बदली होऊ शकत नाही, कारण दोन्ही सेवा स्वतंत्र आहेत. केंद्रीय सेवेतील परिचारिकेची स्थिती मात्र वेगळी आहे. पती-पत्नी दोघेही शासकीय सेवेत असल्यास त्यांना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे, असे धोरण केंद्र शासनाने १९८६ पासून परिपत्रकांद्वारे वेळोवेळी सांगितले आहे. तशी विनंती आपल्या कार्यालयाकडे लेखी करावी.

यांखेरीज राष्ट्रीय आरोग्य अभियानाखालील कंत्राटी पदे, खाजगी रुग्णालये आणि परिचर्या महाविद्यालयांतील अध्यापन हे मार्ग आहेत. खाजगी रुग्णालयात नेमणूक स्वीकारताना ते २००७ च्या कर्नाटक खाजगी वैद्यकीय आस्थापना अधिनियमाखाली नोंदलेले आहे काय, हे पाहावे. आपली नोंदणी होण्यापूर्वी ‘मदतनीस’ म्हणून नाव लावून परिचारिकेचे काम करणे टाळावे. त्यात वेतन कमी मिळते, अनुभव धरला जात नाही, आणि काही चूक घडल्यास कायद्याचे संरक्षणही राहत नाही. वेतनासंबंधी केंद्र शासनाच्या समितीने २०१६ मध्ये अशी शिफारस केली होती की, ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेस दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे. ही शिफारस आहे, आदेश नव्हे. तरीही बोलणी करताना तिचा आधार घेता येतो.

सीमाभागाची सोय

१९५६ पर्यंत उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. राज्य पुनर्रचनेनंतर ते तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, परंतु लोकांचे येणे-जाणे थांबले नाही. बिदर, भालकी, कमलनगर व उदगीर ही गावे एकाच लोहमार्गावर आहेत. ज्या परिचारिकेची कर्नाटकातील नोंदणी अद्याप व्हावयाची आहे, तिला महाराष्ट्राच्या नोंदणीवर उदगीरसारख्या गावी काम करता येते. घरची सोय व पाळ्यांच्या वेळा जुळत असतील, तर मधला काळ अशा रीतीने सत्कारणी लावता येईल.

भाषेचा अडसर येथे वाटतो तितका मोठा नाही. भालकी, औराद, बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांतून येणाऱ्या कितीतरी रुग्णांची मायबोली मराठी आहे. दखनी उर्दूही सर्वत्र चालते. तथापि कन्नड शिकण्यास पहिल्या दिवसापासून आरंभ करावा. ‘नोवु’ म्हणजे दुखणे, ‘एल्ली’ म्हणजे कोठे, ‘उसिरु’ म्हणजे श्वास, ‘मात्रे’ म्हणजे गोळी. खेड्यातून आलेल्या वृद्धेला तिच्याच भाषेत ‘एल्ली नोवु?’ असे विचारले की तिची भीती निम्मी ओसरते. ज्वर हा शब्द तर दोन्ही भाषांत एकच आहे.

विवाह आणि व्यवसाय

एक काळ असा होता की, सैनिकी परिचर्या सेवेत विवाह हेच सेवामुक्तीचे कारण मानले जाई. १९७७ चा तो नियम १९९५ मध्ये मागे घेण्यात आला. त्या नियमापायी १९८८ मध्ये सेवा गमावलेल्या एका अधिकारी परिचारिकेस ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. विवाहामुळे स्त्रीचा व्यवसाय हिरावून घेणे न्याय्य नाही, हे तत्त्व त्यातून स्पष्ट झाले.

नियमाने जे आता घडत नाही, ते विलंबाने घडू नये, हे पाहणे सर्वांचे काम आहे. परिषदेच्या कार्यालयात आठवडेच्या आठवडे पडून राहिलेला एक पडताळणीचा कागद परिचारिकेचे वर्ष वाया घालवू शकतो. तिने अर्ज वेळेवर करावा आणि संबंधित अधिकाऱ्यांनी तो वेळेवर निकालात काढावा. असे झाले तर सीमेचे रक्षण करणाऱ्या सैनिकाची पत्नी नव्या गावीही रुग्णांच्या उशाशी उभी राहू शकेल, आणि त्याचा लाभ त्या गावालाच होईल.