गोंगाटाच्या लयीत सापडणारा सूर

गोंगाटात एखादा बारीक सूर बुडतो, तेव्हा सगळाच गोंगाट त्याला झाकत नसतो. आतल्या कानातील कॉक्लिआ हा शंखाकृती अवयव आवाजाची वारंवारतेनुसार विभागणी करतो आणि सुराच्या आड येतात त्या मुख्यतः शेजारच्या वारंवारता. हार्वे फ्लेचर यांनी 1940 साली हे मोजून दाखवले. सुराभोवतीच्या गोंगाटाचा पट्टा रुंद करत नेला, की सूर ऐकू येणे अवघड होत जाते. मात्र एका मर्यादेनंतर पट्टा आणखी वाढवूनही फरक पडत नाही. 1000 हर्ट्झच्या सुरासाठी ही मर्यादा साधारण 130 ते 160 हर्ट्झ आहे.

फ्लेचर यांचा गोंगाट मात्र सलग होता. बाजारातला किंवा रस्त्यावरचा आवाज क्षणोक्षणी चढतो, उतरतो, आणि हा चढउतार बऱ्याचदा अनेक वारंवारतांमध्ये एकदमच होतो. हॉल, हॅगार्ड आणि फर्नांडिस यांनी 1984 साली असाच, सगळा पट्टा एका लयीत वरखाली होणारा गोंगाट वापरला. निकाल उलटा आला. पट्टा मर्यादेपलीकडे रुंद केल्यावर तोच सूर अधिक सहज सापडू लागला. गोंगाट वाढवला आणि ऐकणे सोपे झाले! श्रवणशास्त्रातले इतके चकित करणारे निष्कर्ष थोडेच असतील. अशा प्रयोगांत हा फायदा 10 डेसिबलपर्यंतही जातो. म्हणजे एकदशांश शक्तीचा सूरही पुरतो.

याचे एक कारण असे, की गोंगाट उतरतो त्या क्षणी सूर उघडा पडतो आणि हा क्षण कोणता, ते दूरच्या वारंवारतांच्या चढउतारावरून मेंदूला कळते. दुसरे असे, की सुराच्या जागचा उतार सुरामुळे भरून निघतो आणि तेवढ्याच पट्ट्याची लय इतरांपासून तुटते. ही विसंगती मेंदू टिपतो. फायद्याचा काही भाग एकाच पट्ट्यातल्या बदलांवरूनही उलगडतो. चढउतार संथ असेल तर फायदा जास्त. दूरचा पट्टा आधी सुरू करून वेगळा भासवला, तर हा फायदा बराच घटतो. म्हणजे हे सारे आवाज एकाच उगमाचे आहेत, असे मेंदूला वाटावे लागते.

कॉक्लिआ बिघडल्यामुळे ऐकू कमी येणाऱ्यांना ही सवलत पुरेशी मिळत नाही. त्यांचे वारंवारतांचे पट्टे रुंदावून एकमेकांत मिसळतात आणि गोंगाटातले क्षणिक उतारही नीट टिपले जात नाहीत. म्हणूनच शांत खोलीत संभाषण समजणारी व्यक्ती लग्नाच्या पंगतीत गोंधळते. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, पण पट्ट्यांची हरवलेली रेखीवता परत आणू शकत नाही.