बाळंतपण सुखरूप झालं, पण कसं झालं?

डिस्चार्जच्या दिवशी बाळंतिणीला ‘सगळं नीट झालं ना?’ असं विचारलं, तर ती बहुधा ‘हो’च म्हणते. बाळ कुशीत असतं, घरी जायची घाई असते आणि विचारणारी अनेकदा त्याच वॉर्डातली सिस्टर असते. अशा वेळी तक्रार कोण करणार? त्या ‘हो’मध्ये सुटकेचा निःश्वास किती आणि सेवेची पावती किती, हे निवडून काढणं अवघड असतं.

दवाखान्यात बाळंत व्हावं, हे आता महाराष्ट्रात सांगावं लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं रुग्णालयांत झालेली दिसतात. २००५ची जननी सुरक्षा योजना आणि २०११चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम यांचा त्यात मोठा वाटा. सरकारी रुग्णालयात औषधं, तपासण्या, रक्त, सिझेरियन, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी हे सारं मोफत मिळणं हा आईचा हक्क ठरला. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने ‘लक्ष्य’ उपक्रम सुरू केला, तेव्हा प्रसूतिकक्षाच्या दर्जाबरोबर किमान ८० टक्के माता समाधानी असाव्यात, हेही उद्दिष्ट ठेवलं.

पण समाधान येतं कशातून? कॅनडातल्या संशोधक एलन हॉडनेट यांनी २००२मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात चार गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: आईच्या अपेक्षा, मिळालेला आधार, डॉक्टर-नर्सशी जुळलेलं नातं आणि निर्णयात तिचा सहभाग. कळांची तीव्रतासुद्धा यांच्यापुढे मागे पडते. कळा देताना सतत कुणी सोबत असेल तर सिझेरियनचं प्रमाण घटतं, असं २०१७च्या कॉक्रेन आढाव्यातही दिसलं. भारतात सरकारी प्रसूतिकक्षात सोबतीण असू द्यावी, अशी सूचना २०१६मध्येच निघाली आहे. त्यासाठी ना यंत्र लागतं, ना औषध. लागतो एक पडदा आणि बाहेर ताटकळणाऱ्या सासूला किंवा आईला आत घेण्याची तयारी.

रायगडच्या किनाऱ्यावर यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे ‘रेफर’. सिझेरियनला भूलतज्ज्ञ हवा, रक्त हाताशी हवं. ते नसेल तर श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडच्या बाईला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाची वाट धरावी लागते आणि गुंतागुंत वाढली तर तिथूनही पुढे मुंबईची. मध्ये खाड्या आहेत. दिघी-आगरदांडा फेरीबोट दिवसा राजपुरीची खाडी चटकन ओलांडून देते. रात्री ती थांबली की घाटवळणांचा लांब रस्ता उरतो. कळा सुरू असताना गाडीत चढवलेल्या बाईला ‘इथे होणार नाही’ एवढंच सांगितलं जातं, की काय बिघडलंय, कुठे नेतोय, तिथे फोन केलाय का, हेही? वैद्यकीयदृष्ट्या निर्णय अचूक असला, तरी न सांगता घेतलेला निर्णय आईच्या मनात भीती म्हणूनच राहतो.

समाधानाचं मोजमाप इथेच तोकडं पडतं. ते रुग्णालयागणिक होतं. पाठवणाऱ्या दवाखान्यात तिचा डिस्चार्ज झालेला नसतो आणि जिथे बाळंतपण झालं तिथे फक्त तिथल्याच सेवेबद्दल विचारतात. मधला प्रवास कुणाच्याच कागदावर येत नाही.

उपाय हाताशी आहे. नवजात बाळाला पाहायला आशाताई बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येतच असतात. अखेरच्या भेटीत त्यांनी नेमके चार प्रश्न विचारावेत: कळा देताना सोबत कोण होतं? कुणी ओरडलं का? टाके घालण्याआधी सांगितलं का? दुसरीकडे पाठवलं तर कारण कळलं का? उत्तरं नाव न घेता थेट जिल्ह्याकडे जावीत. कारण आशाही त्याच यंत्रणेतल्या आहेत आणि उद्या त्याच सिस्टरसमोर त्यांना पुन्हा उभं राहायचं असतं.