बीपीची गोळी आणि पाच स्टारचं रेटिंग

बीपीच्या सरकारी उपचारावर पेशंट समाधानी आहे की नाही, हे कसं ओळखायचं? आजचा भाग यावरच.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावचा. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला विचारा, "दवाखाना कसा आहे?" उत्तर ठरलेलं : "चांगलाच हाये न बाप्पा." पुढचे प्रश्न कोणी विचारत नाही. गोळ्या किती दिवसांच्या मिळाल्या? मागचं बीपी कार्डावर लिहिलंय का? तारीख चुकली तर कोणाचा फोन आला का?

बीपी दुखत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत रोजी बुडवून, काही दुखत नसताना कोण रांगेत उभं राहील? म्हणून नुसतं गोड बोलून भागत नाही, सगळी साखळी जुळावी लागते.

2017 मध्ये 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' सुरू झाला. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात आमच्या शेजारचा वर्धा जिल्हा होता; भंडारा, सातारा, सिंधुदुर्गही होते. पद्धत साधी : सगळीकडे ठरलेल्या गोळ्या, एकदम महिनाभराच्या, शक्यतो घराजवळच्या केंद्रात. बीपी मोजणं आणि पाठपुरावा नर्सकडे, डोस ठरवणं डॉक्टरकडे. 'सिंपल' नावाच्या अ‍ॅपमध्ये नर्स कार्डावरचा क्यूआर स्कॅन करते, जुने आकडे समोर येतात. जे आले नाहीत त्यांची यादीही अ‍ॅपच काढून देतं, फोन करायला.

चार राज्यांतल्या 24 केंद्रांचा अभ्यास झाला. नोंदणीच्या वेळी सुमारे 26 टक्के लोकांचं बीपी आटोक्यात होतं, नंतरच्या तपासणीत ते सुमारे 60 टक्के झालं.

आता इंजिनिअर म्हणून मला खटकणारी गोष्ट. अ‍ॅप डिलीट केलेल्याला रेटिंग कोण विचारतं? दवाखान्यात बसून "समाधानी आहात का?" असं विचारलं, तर जो आलाय तोच उत्तर देणार. ज्यानं मधेच गोळी सोडली, तो त्या आकड्यात नसतोच. आणि खूश असलेल्या पेशंटचं बीपीही 160 असू शकतं. म्हणून माझ्या मते सर्वेक्षणाची सुरुवात न आलेल्यांच्या यादीपासून व्हावी.

तुम्ही एवढंच करा. आज घरी फोन लावा आणि आईबाबांचं कार्ड बघायला सांगा. शेवटचं बीपी 140/90 च्या खाली आहे का? पुढची तारीख कोणती? गोळ्या किती उरल्या? तारीख उलटून गेली असेल, तर या आठवड्यात त्यांना घेऊन जा.