स्पितीचा प्रवास : दिवसांचा हिशेब

हिमाचल प्रदेशाच्या ईशान्य कोपऱ्यात, तिबेटच्या सीमेला लागून असलेले स्पितीचे खोरे पाहण्यास अलीकडे आपल्याकडील पुष्कळ लोक जाऊ लागले आहेत. जाण्यापूर्वी चौकशी होते ती बहुधा गाडीची, भाड्याची, गरम कपड्यांची आणि जेवणाची. ही चौकशी अवश्य करावी. परंतु पैशाचा हिशेब चुकला तर माणूस फार तर खिसा रिकामा करून परत येतो. दिवसांचा हिशेब चुकला तर जिवावर बेतू शकते. आणि नेमका हाच हिशेब आपण सर्वांत कमी काळजीने करतो.

काझा हे स्पितीचे मुख्य गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी काझाच्या बाजाराची उंची गाठत नाही. एवढ्या उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण बदलत नाही, ते तेथेही शेकडा २१ च असते. परंतु हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांशच उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर शरीरात जाणारा प्राणवायू त्याच मानाने कमी होतो.

शरीर यावर उपाय करते, पण त्याला वेळ लागतो. प्रथम श्वास जलद होतो. जलद श्वासाने कर्बद्विप्राणिद वायू अधिक बाहेर पडतो, रक्ताचा आम्ल-अल्कली तोल बिघडतो, आणि तो सावरण्यासाठी मूत्रपिंडे जादा अल्कली बाहेर टाकू लागतात. उंचावर पहिले दोन दिवस लघवीस वारंवार जावे लागते त्याचे एक कारण हे आहे. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हे काम दोन-तीन दिवसांचे. ते घाईने उरकत नाही, आणि रोज टेकडी चढणाऱ्या तरुणालाही त्यात सवलत मिळत नाही. उलट धडधाकट माणूसच ‘मला काही होत नाही’ म्हणून पुढे धावतो, असे आमचे निरीक्षण आहे. ॲसिटाझोलामाइड नावाचे औषध मूत्रपिंडांच्या या कामास मदत करते. पण ते सर्वांनाच मानवत नाही. तेव्हा ते घरच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, शेजाऱ्याने दिले म्हणून नव्हे.

डॉक्टर मंडळींचा नियम असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा फारशी वाढवू नये. महत्त्व आहे ते मुक्कामाच्या उंचीला. दिवसा उंच जाऊन रात्री खाली येऊन निजावे, कारण झोपेत श्वास मंदावतो आणि प्राणवायू आणखी कमी पडतो.

आता नकाशा पाहावा. स्पितीत शिरण्यास दोन वाटा आहेत. मनालीहून काझा सुमारे २०० किलोमीटर; सिमल्याहून किन्नौरमार्गे ४०० च्या वर. सात दिवसांच्या सहलीला पहिली वाट सोयीची वाटते. पण मनाली जेमतेम २,०५० मीटर. तेथे निजलेला माणूस दुसऱ्या दिवशी सुमारे १५,००० फुटांची कुंझुम खिंड ओलांडतो आणि रात्री काझाला निजतो. मुक्कामाची उंची एका दिवसात १,६०० मीटर वाढली! २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांग चढावा लागत नाही, त्यामुळे ही वाट अधिकच लवकर उरकते. रस्ते सुधारले म्हणून मूत्रपिंडे सुधारत नाहीत.

म्हणून आमचे मत असे की किन्नौरकडून शिरावे आणि कुंझुमकडून उतरावे. सिमला २,२०० मीटर, मग सराहन, मग कल्पा २,९०० च्या आसपास. तेथे दोन रात्री काढल्या तर सफरचंदाच्या बागा आणि समोरचे किन्नर कैलास पाहण्यात वेळ वाया गेला असे कोणीही म्हणणार नाही. पुढे खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, आणि तेथून झाडे जवळजवळ संपतात. नाकोला दुपारचे जेवण करून ताबोला उतरावे. ते ३,२८० मीटरवर आहे. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेल्या तेथील मठातील मातीच्या भिंतींवरची चित्रे घाईत पाहण्यासारखी नाहीत. नंतर काझाला तीन रात्री. की, किब्बर, लांग्झा, हिक्किम ही उंचावरची ठिकाणे दिवसा पाहून रात्री काझाला परतावे. लांग्झाला सागरी प्राण्यांचे अश्म सापडतात. आपल्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम याच जातीचा. मुले ते विकायला आणतात. पाहावेत, विकत घेऊ नयेत.

या मांडणीचा दुसरा लाभ आजारपणात कळतो. डोके दुखणे, मळमळ, अन्नावर वासना नसणे ही पहिली लक्षणे. ती असताना वर जाऊ नये. सरळ रेषेत पाऊल टाकता येईना, किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर रात्र आहे की दिवस हे न पाहता खाली उतरले पाहिजे. पण काझाहून खाली म्हणजे कोणीकडे? मनालीच्या बाजूस आधी ९०० मीटर चढून कुंझुम गाठावी लागते. म्हणजे रोग्याला खाली नेण्यासाठी वरच न्यायचे! किन्नौरकडेही नाकोची चढण आडवी येते, पण ती काझाहून अधिक उंच नाही. काझाला सरकारी रुग्णालय आहे, तेथे प्रथम जावे.

स्पितीत पाऊस फारसा पडत नाही, कारण मोसमी ढग पीर पंजालच्या अलीकडेच रिकामे होतात. पण तेथे पोहोचण्याच्या वाटा पावसातूनच जातात. ऑगस्ट २०२१ मध्ये किन्नौरात निगुलसरी येथे दरड कोसळून अनेक माणसे दगावली. जुलै २०२३ मध्ये कुंझुमवर ऐन उन्हाळ्यात बर्फ पडले आणि चंद्रतालजवळ अडीचशेंहून अधिक प्रवासी अडकून पडले. जून किंवा सप्टेंबर हे महिने त्या मानाने बरे. तरीही बारा दिवसांचा बेत असेल तर रजा चौदा दिवसांची घ्यावी आणि परतीचे तिकीट त्याच हिशेबाने काढावे. ज्याचे तिकीट उद्याचे असते, तो वाहनचालकाला नको तेव्हा पुढे रेटतो.

आणखी एक गोष्ट पाण्याची. येथील वाटाणा आणि सातू बर्फाच्या पाण्यावर पिकतात, आणि ते पाणी कुल्ह म्हणजे पाटाने शेतात येते. ज्या वर्षी बर्फ कमी, त्या वर्षी शेत वाळते. म्हणूनच गावातील शौचकूप कोरडे असतात. त्याचेच खत शेतात जाते. प्रवाशाने रोज अंघोळीचा आणि पाण्याच्या संडासाचा हट्ट धरला तर ते पाणी कोणाच्या तरी वाटाण्याचे असते. गावातल्या घरी राहावे, तेथील रीत पाळावी.

परतताना पेट्रोल काझालाच भरावे. मनालीच्या बाजूस उतरेपर्यंत वाटेत ते मिळत नाही. चंद्रतालला मुक्काम करावयाचा तर तो सहलीच्या अखेरीसच, कारण ते सुमारे ४,३०० मीटरवर आहे. बातलपासून पुढे रस्ता नाल्यांतून जातो आणि ऊन चढले की बर्फ वितळून त्यांचे पाणी वाढते. म्हणून तेथून पहाटेच निघावे, चहा पुढे घ्यावा.