टंचाई आहे ती डावीकडच्या खुर्चीची

२,४२२ कॅप्टन हवे होते, होते २,३५७. फर्स्ट ऑफिसर हवे होते २,१५३, होते २,१९४. डिसेंबर २०२५मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा बाहेर आलेले हे आकडे. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपनीचं वेळापत्रक कोलमडलं. त्या आठवड्यात जो तो म्हणत होता, ‘देशात पायलट नाहीत.’ आकडे मात्र सांगतात की डाव्या खुर्चीत बसणारे ६५ कमी होते आणि उजव्या खुर्चीत बसणारे ४१ जास्त होते.

कराड, विटा, तासगावकडच्या ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, घेऊन बसली आहे, त्यांनी हा फरक नीट पाहायला हवा. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, २०२२मध्ये १,१६५ सीपीएल दिले, २०२३मध्ये १,६२२. एका वर्षात ३९ टक्के वाढ. यातला प्रत्येक जण उजव्या खुर्चीच्या रांगेत उभा राहतो. डाव्या खुर्चीसाठी एटीपीएल, म्हणजे एअरलाइन वैमानिकाचा वरचा परवाना, लागतं, त्याला किमान १,५०० तासांचं उड्डाण लागतं, आणि कंपन्या बहुधा त्याहून जास्त मागतात. म्हणून ‘ही लाइन सोडून काहीतरी स्थिर करावं का?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. माणूस कुठल्या खुर्चीत आहे आणि कर्ज किती उरलं आहे, यावर ते ठरतं.

आधी कर्ज पाहू. सातारा-सांगलीत आजच्या घडीला नियमित प्रवासी विमानसेवा नाही. कराडला धावपट्टी आहे, सांगलीजवळ कवलापूरची जुनी धावपट्टी विमानतळाच्या मागणीपुरती अधूनमधून बातम्यांत येते. त्यामुळे २०० तासांच्या उड्डाणासाठी मुलं बारामती, धुळे, गोंदिया किंवा थेट परदेश गाठतात. हिशेबापुरते सीपीएलचे ४५ लाख आणि एअरबस किंवा बोइंगच्या टाइप रेटिंगचे, म्हणजे त्या विशिष्ट विमानाच्या पात्रतेचे, १५ लाख धरू. एकूण ६० लाख. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण लागतं, आणि इथे आपल्याकडे एक गंमत होते. घरात दहा एकर बागायत असली तरी बँक सात-बाऱ्याकडे फारशी बघत नाही, कारण शेतजमिनीला सरफेसी कायदा लागू नाही, थकबाकीत ती विकून घेणं बँकेला जड जातं. तिला हवा असतो एनए प्लॉट किंवा घर. त्यामुळे पणाला लागतं ते विश्रामबागेतलं किंवा मलकापूरचं वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून बांधलेलं घर.

६० लाख, ११ टक्के व्याज, दहा वर्षं. हप्ता ८२,६५० रुपये, एकूण परतफेड ९९ लाखांच्या पुढे. हाच हप्ता उसात मोजला तर? २०२५-२६च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. महिन्याचा हप्ता २३ टनांहून जास्त, वर्षाचा सुमारे २८० टन. एकरी ४० टन धरले तर सात एकरांचा सगळा ऊस, तोही तोडणी-वाहतूक, खत, पाणीपट्टी काही न वजा करता. आपल्या भागात उतारा चांगला असल्याने दर थोडा चढतो हे खरं, पण चित्र बदलत नाही.

व्याज मुलाच्या प्रगतीकडे बघून थांबत नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं पडली आणि डीजीसीएने रेडबर्ड संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. अशा वेळी ज्याने ३० लाख उचलले आहेत, त्याच्या खात्यावर रोज सुमारे ९०४ रुपये व्याज चढत राहतं, मग विमान उडो वा न उडो.

आता पहिला माणूस घ्या: सीपीएल हातात आहे, टाइप रेटिंग केलेलं नाही, कंपनी नाही. ४५ लाखांचं कर्ज दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता ६१,९८८. लाइन सोडून पुण्यात ५० हजारांची नोकरी धरली तर पगार हप्त्यालाच पुरत नाही. मुदत पंधरा वर्षांवर नेली तर हप्ता ५१,१४७ होतो, एकूण परतफेड ९२ लाखांवर जाते आणि पगार तरीही तोकडाच. म्हणजे स्थिरतेसाठी लाइन सोडू पाहणाऱ्याला नोकरी बदलून स्थिरता मिळत नाही. त्यासाठी मुद्दल खाली आणावं लागतं, आणि ते पगारातून होत नाही, काहीतरी विकून होतं. हे घरात बोलायला फार अवघड असतं. पण माझ्या मते प्लॉट विकायचाच असेल, तर तो टाइप रेटिंगचे आणखी १५ लाख घालण्याआधी विकावा. कंपनीचं निवडपत्र हातात नसताना केलेलं टाइप रेटिंग म्हणजे उजव्या खुर्चीच्या रांगेत पुढे सरकण्याचा शुद्ध जुगार आहे, कारण तिथे माणसं आधीच जास्त आहेत.

दुसरा माणूस उजव्या खुर्चीत बसलेला. पगार महिना पावणेदोन लाख धरू, वर्षाला २१ लाख. २०२५-२६च्या नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन कर बसतो २,१४,५००. भविष्य निर्वाह निधी बाजूला ठेवला तर हातात महिना साधारण १ लाख ५७ हजार. हप्ता गेला की उरतात साडेचौऱ्याहत्तर हजार, आणि यात मुंबई किंवा दिल्लीचं घरभाडं. (शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर कलम ८०ई खाली मिळणारी सवलत जुन्या प्रणालीतच आहे, नव्यात नाही. दोन्हींचा हिशेब करूनच निवड करावी.) गावात त्याला ‘लाखांत कमावतो’ म्हणतात. हातात उरणारी रक्कम मात्र हिंजवडीतल्या बिनकर्जाच्या मित्राइतकीच असते. नोकरी सोडावीशी वाटते ती बहुतेकदा याच टप्प्यावर.

आणि सोडायला सगळ्यात वाईट टप्पाही हाच. तीन वर्षं नेमाने हप्ते भरल्यावर बँकेत गेलेले असतात २९ लाख ७५ हजार आणि बाकी दिसते ४८ लाख २७ हजार. मुद्दल फिटलंय पावणेबारा लाख, बाकी सगळं व्याज. त्याच वेळी डावी खुर्ची दोन-तीन वर्षांवर आलेली असते. कॅप्टनचा पगार सहा लाख धरला तर अधिभार-उपकरासह वर्षाचा कर १९ लाख ६५ हजारांच्या आसपास जातो आणि हातात महिना ४ लाख ३६ हजार येतात. दोन खुर्च्यांमधला फरक महिन्याला पावणेतीन लाखांहून जास्त. या टप्प्यावर सोडणारा माणूस एवढं व्याज भरून बसतो आणि ज्यासाठी ते भरलं ती खुर्ची मागे ठेवतो.

कॅप्टन झाल्यावर गणित उलटं फिरतं. पाचव्या वर्षाच्या शेवटी बाकी असते ३८ लाख. नेहमीच्या हप्त्यावर महिना दोन लाख जादा भरले तर उरलेली पाच वर्षं पंधरा महिन्यांत संपतात. अट एकच: त्या पंधरा महिन्यांत मोठी गाडी आणि पुण्यातला दुसरा फ्लॅट यांची नावं काढायची नाहीत. गहाणखत सुटलं की सोडावं का हा प्रश्न पहिल्यांदा खऱ्या अर्थाने मोकळेपणाने विचारता येतो.

‘पण कंपनीच बुडाली तर?’ ही भीती वावगी नाही. किंगफिशर ऑक्टोबर २०१२मध्ये बंद पडली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ला, गो फर्स्ट मे २०२३मध्ये. अकरा वर्षांच्या आत तीन. त्या काळात साधारण सात मोठ्या कंपन्या होत्या असं धरलं तर एखाद्या कंपनीने एका वर्षात बंद पडण्याची शक्यता ढोबळमानाने ४ टक्के येते. दहा वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत ती तिनातून एकावर जाते. सगळ्या कंपन्या सारख्या आकाराच्या नसल्याने हा आकडा खडबडीत आहे, शिवाय आज देशांतर्गत बाजारातला सुमारे ९० टक्के हिस्सा इंडिगो आणि एअर इंडिया समूह या दोघांकडेच आहे. त्याने बुडण्याचा धोका कमी झाला असेल, पण दार ठोठावायला दोनच घरं उरली. कंपनी दिवाळखोरीत गेली तर कामगार सोडून इतर कर्मचाऱ्यांचं थकलेलं वेतन बारा महिन्यांपुरतंच, तेही तारणधारक बँकांच्या मागच्या रांगेत उभं राहतं.

विमानाचा प्रकारही नशीब ठरवतो. गो फर्स्टकडे एअरबस ए३२० होती, त्यामुळे तिथल्या वैमानिकांना त्याच विमानावरचं काम इतर कंपन्यांत उपलब्ध होतं. जेटच्या ताफ्यात बोइंग ७३७चा मोठा वाटा होता, आणि ७३७वाल्यांना तेव्हा पर्याय कमी होते. कुठल्या विमानाचं रेटिंग घ्यायचं हा निर्णय म्हणूनच पगाराच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. नवी कंपनी धरली की ज्येष्ठतेच्या यादीत बहुधा तळाशी बसावं लागतं, हेही त्यात मिळवा.

धोक्याला उत्तर नोकरी सोडणं नाही, गंगाजळी आहे. वर्षभराचे हप्ते ९ लाख ९२ हजार आणि महिना ४० हजार घरखर्च धरला तर ४ लाख ८० हजार, मिळून १४ लाख ७२ हजार. फर्स्ट ऑफिसरने महिना ३५ हजार बाजूला टाकले तर हे साठायला साडेतीन वर्षं लागतात. लांब वाटतं, पण कोविडमध्ये २५ मार्च ते २४ मे २०२० देशांतर्गत उड्डाणं पूर्ण बंद होती, आणि दोन महिन्यांनी ती सुरू झाली तेव्हाही सगळे पगार जागेवर आले नाहीत. परवान्याला दरवर्षी वर्ग एकची वैद्यकीय तपासणी असते, तिच्यात अडकलं तर त्यासाठी लॉस ऑफ लायसन्सचा विमा वेगळा घ्यावा लागतो. आपल्याकडे टर्म प्लॅन घेतलेला असतो, हा बहुधा राहून जातो.

राजीनाम्यालाही नियम आहे. डीजीसीएच्या २०१७च्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. २०२३मध्ये आकासा एअरचे ४३ वैमानिक नोटीस न पाळता गेले तेव्हा प्रकरण थेट उच्च न्यायालयात पोहोचलं. बाहेर पडल्यावर परतायचं दारही आपोआप उघडं राहत नाही: ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग झाली नाहीत तर प्रवासी नेता येत नाहीत, आणि मोठ्या खंडानंतर सिम्युलेटरवर पुन्हा सगळं सिद्ध करावं लागतं.

मूळचे सातारा जिल्ह्यातले कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण इथे वेगळ्या कारणाने आठवतं. जेटमध्ये वैमानिक असताना त्यांनी कांदिवलीच्या चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं, नोव्हेंबर २०१७मध्ये त्याची नोंदणी झाली. इतका वेडा उद्योगही त्यांनी नोकरीत राहून केला. पोटापाण्याचा आणि स्वप्नाचा हिशेब एकाच महिन्यात मिटवायची घाई करणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं.

कर्ज फिटलेला कॅप्टन चाळिशीत गावी येऊन द्राक्षबाग करू म्हणाला, तर त्याच्या कागदावर काय येतं? नोटिशीचे बारा महिने. खुंट लावणं, कलम आणि पहिला माल यांना साधारण दोन वर्षं. नोटिशीच्या काळातच खुंट लावले, तर बिनउत्पन्नाचं एकच वर्ष उरतं, नाहीतर दोन. महिना लाखाचा घरखर्च धरला तर हा फरक बारा लाखांचा. त्यात मे २०२५सारखा पाऊस ऐन काडी तयार होण्याच्या वेळी आला की पहिल्या मालाचं वर्ष आणखी पुढे जातं. त्यामुळे हातात तीन वर्षांचा घरखर्च, म्हणजे ३६ लाख, बागेच्या भांडवलाव्यतिरिक्त असावा. कॅप्टनच्या पगारात कर्ज फिटल्यावर महिना दोन लाख टाकले तर ही रक्कम दीड वर्षात उभी राहते. फर्स्ट ऑफिसरच्या ३५ हजारांत तिला साडेआठ वर्षं लागतात.