पंपाच्या नळांना युनियन कशासाठी?

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील आगाशी, निर्मळ, गास, भुईगाव या गावांच्या केळीच्या बागा व पानवेलीचे मळे विहिरी आणि बावखले यांच्या पाण्यावर वाढले. पूर्वी हे पाणी रहाटाने काढीत व रहाट मोडल्यास गावचा सुतार तो दुरुस्त करी. पुढे पंप आले आणि त्यांच्यासोबत लोखंडी नळ आले. ऐन वैशाखात पंप बिघडला, तर दुरुस्ती घटकाभराची असूनही तो नळांतून सोडविण्यातच दिवस जातो. प्रसंगी करवतीने नळ कापावा लागतो. इकडे बाग सुकू लागते. याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की, नळ जोडताना युनियन बसविलेले नसते.

नळाच्या दोन्ही टोकांना उजवे आटे असतात. मधला नळ एका बाजूने सोडविण्यासाठी फिरविला की दुसऱ्या बाजूस तो अधिकच आत शिरू पाहतो. म्हणून केवळ सॉकेटने जोडलेली ओळ मधून उघडत नाही. मोकळ्या टोकापासून एकेक नळ काढीत यावे लागते. युनियनचे तीन भाग असतात. दोन भाग दोन नळांच्या टोकांवर बसतात व तिसरा, म्हणजे मोठा नट, त्यांची तोंडे एकमेकांवर आवळून धरतो. नट सैल करताच नळ न फिरविता जोड सुटतो. जुवाची शिवळ काढून बैल मोकळा करावा, तसाच हा प्रकार होय.

पंपाच्या दोन्ही अंगांस, पाना सहज फिरेल अशा जागी, एकेक युनियन असावे. डिलिव्हरीच्या नळावर व्हॉल्व्ह असल्यास युनियन पंप व व्हॉल्व्ह यांच्यामध्ये घ्यावे; म्हणजे व्हॉल्व्ह बंद करून पंप काढताना वरचे पाणी अंगावर येत नाही.

सक्शनच्या बाजूस मात्र विशेष दक्षता हवी. डिलिव्हरीचा जोड गळला तर पाणी दिसते. सक्शनचा जोड सैल असला तर हवा आत शिरते, ती दिसत नाही, आणि पंप पाणी सोडून देतो. अशा वेळी फूटव्हॉल्व्हला दोष देण्यापूर्वी पंप बंद ठेवून त्यात व सक्शनच्या नळात पाणी भरावे व युनियनखाली कोरडा हात धरावा. थेंब लागला, तर दोष तेथेच आहे.

पुष्कळ कारागीर नटाच्या आट्यांवर सूत व सफेदा गुंडाळतात. हे व्यर्थ होय. पाणी अडते ते दोन तोंडांच्या मिलाफाने, नटाच्या आट्यांनी नव्हे. ती तोंडे स्वच्छ असावीत व नळ समोरासमोर एका रेषेत असावेत. वाकडे नळ नट आवळून ओढून आणल्यास जोड कधीच बसत नाही.

खाडीलगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते व लोखंड लवकर गंजते. तेथे पितळी बैठकीचे युनियन घ्यावे. पावसाळ्यापूर्वी वीज बंद करून प्रत्येक युनियन एकदा उघडावे, नटाच्या आट्यांना तेल लावावे व पुन्हा आवळावे. वर्षानुवर्षे न उघडलेले युनियन गंजून एकजीव होते आणि असून नसल्यासारखेच ठरते.

हल्ली पीव्हीसी नळ सर्वत्र झाले आहेत. त्यांचा चिकटविलेला जोड मुळीच उघडत नाही, म्हणून तेथे युनियनची गरज अधिकच आहे. त्यात रबरी कडे असते. नट हातानेच आवळावा, पान्याने तो तडकतो. एक जादा कडे पंपघरात ठेवावे.