टाळ्या रात्रीच्या, मान दिवसाचा

धान हाती येऊ लागले, दिवाळी सरली, की गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या झाडीपट्टीला मंडईचे वेध लागतात. भाऊबीजेच्या सुमारास सुरू होणारा हा हंगाम होळीपर्यंत चालतो. दिवसा मंडई किंवा शंकरपट आणि रात्री नाटक, तेही पहाटेपर्यंत. जुन्या दंडारीत पुरुषच लुगडे नेसून स्त्रीभूमिका करीत. आज त्या भूमिका स्त्रिया करतात. काही याच मातीतल्या, काही बाहेरगावाहून आलेल्या. त्यांच्या नावावर मंडप भरतो. परंतु पडदा पडल्यावर त्याच नटीविषयी कोणत्या सुरात बोलले जाते, हा प्रश्न येथील सुशिक्षितांनी स्वतःला विचारावयास हवा.

प्रश्न जुना आहे, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर एका अभिनेत्रीनेच देऊन ठेवले आहे. १९२३ साली जन्मलेली रतन साळगावकर घरच्या ओढगस्तीमुळे कोवळ्या वयातच चित्रपटात आली आणि हंसा वाडकर झाली. १९३६ च्या ‘विजयाची लग्ने’ने तिची वाटचाल सुरू झाली. पुढे प्रभातच्या ‘संत सखू’त (१९४१) ती भक्तीची मूर्ती बनली, ‘लोकशाहीर रामजोशी’त (१९४७) तमाशातील बया झाली, आणि अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटाने तिला उदंड लोकप्रियता दिली. मात्र मिळकत तिची आणि तिच्यावरील हुकमत इतरांची, असाच तिचा बराचसा संसार झाला. सखू म्हणून तिच्यापुढे हात जोडणारा समाज तिच्या खासगी आयुष्याचा निवाडा करताना जराही कचरला नाही. १९७१ साली, पन्नाशीही न गाठता, ती गेली.

तिच्या आधी, १९३२ साली, ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटे तारामती झाल्या. घराणे प्रतिष्ठित, शिक्षण उत्तम. त्यांच्या पदार्पणाने चित्रपटसृष्टीलाच प्रतिष्ठा आली असे म्हटले गेले. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला, आणि तो सर्वस्वी योग्यच होता. परंतु या कौतुकातच एक मेख आहे. नटीला मान तिच्या कुळामुळे मिळणार असेल, तर ज्या मुलीला कुळाचे पाठबळ नाही तिने काय करावे? श्रम दोघींचे सारखेच. मग मान मात्र एकीला वारसाहक्काने आणि दुसरीला मेल्यावर, हा कोणता न्याय?

हंसाबाईंना निदान एक गोष्ट लाभली: कोणीतरी त्यांचे ऐकून घेतले. त्यांनी सांगितलेले आत्मचरित्र अरुण साधू यांनी शब्दबद्ध केले, ‘माणूस’मधून ते वाचकांपुढे आले आणि १९७० मध्ये पुस्तकरूप झाले. त्यावर आधारलेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’साठी (१९७७) स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एक स्त्री निर्भीडपणे बोलली आणि ते टिपून घेणारा भेटला, म्हणून हे शक्य झाले.

झाडीपट्टीतील अभिनेत्रींचे कोण ऐकणार? २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि या रंगभूमीकडे देशाचे लक्ष गेले, ही अभिमानाची गोष्ट होय. आता पुढचे पाऊल आपले आहे. त्याला सरकारी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. नाटक ठरविणाऱ्या गावच्या मंडळाने करारातच लिहावे की, कपडे बदलण्यास बंदिस्त खोली असेल, शौचालय असेल, रात्रीच्या प्रवासाची सुरक्षित सोय असेल आणि ठरलेले मानधन त्याच रात्री हाती पडेल. महाविद्यालयांतील मराठीच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना वहीपेन देऊन वयस्क अभिनेत्रींकडे धाडावे व त्यांच्या आठवणी त्यांच्या संमतीने लिहून घ्याव्यात. एका हंगामात दहा वह्या भरल्या तरी पुष्कळ झाले.

कलावंताला देवपण नको असते. सखूला केलेला नमस्कार हंसाला पोहोचला नाही, हीच तर तिची तक्रार होती. रात्रभर जागवून जिने आपल्याला रडविले, हसविले, तिला सकाळच्या एस.टी.च्या थांब्यावर कोणी ‘ताई, बसा’ म्हणून जागा करून दिली, तर तो मान पुरस्काराहून कमी ठरणार नाही.